वाचलेले उंदीर

“मुळासकट घ्यायची, की नुसता पाला?”

सोमगिरीबाबा मठाच्या ओट्यावर बसून भिजवलेले वाल सोलत होते.

“बाबा, भुईआवळीचं विचारतोय मी. तुम्ही मुळासकट वाटायचात. मी नुसत्या पाल्याचा अर्क काढला. तिथं चुकलं का माझं?”

“बस आधी.”

विश्राम हेरेकर बसला नाही.

चंदगडच्या पुढं, घाट उतरायला लागायच्या आधी हा मठ आहे. काविळीचं औषध बाबांना त्यांच्या गुरूंकडून मिळालं होतं. औषध म्हणजे भुईआवळी. पावसाळ्यात पायऱ्यांच्या फटींतून उगवणारं वीतभर रोप, पानाखाली मोहरीएवढ्या आवळ्यांची रांग. ते वाटून बाबा ताकातून द्यायचे. आसपासच्या वाड्यांमधून पिवळे पडलेले लोक यायचे, काही दिवस धर्मशाळेत राहायचे आणि जायचे.

विश्राम शाळेत असताना सुट्टी लागली की इथं येऊन राहायचा. झाडपाला ओळखायला तो बाबांच्या मागं फिरून शिकला. पुढं औषधशास्त्र शिकला, कोल्हापूरला प्राध्यापक झाला. क्षयाच्या गोळ्यांनी काही रोग्यांचं यकृत बिघडतं. त्या गोळ्यांबरोबर भुईआवळीचा अर्क दिला तर यकृत शाबूत राहतं, हे त्यानं उंदरांवर दाखवलं. त्याचं नाव झालं. भाषणांमध्ये तो म्हणायचा, “आमचे बाबा अंदाजानं द्यायचे. मी मोजून दिला.” लोक हसायचे.

कुणीतरी हे बाबांच्या कानावर घातलं होतं. बाबाही हसले होते.

आज बऱ्याच वर्षांनी तो आला होता. दाढी वाढलेली. अंगातला शर्ट चुरगळलेला, गाडीचं दार उघडंच राहिलेलं.

“केतकीला क्षय झाला,” तो म्हणाला. केतकी त्याची आणि त्याच्या बायकोची, शैलजाची, एकुलती एक मुलगी. लहानपणी एकदा मठात येऊन गेली होती, माकडांना घाबरून बाबांच्या छाटीत तोंड लपवून बसली होती. आता कॉलेजात होती.

“क्षय बरा होतो,” बाबा म्हणाले.

“होतच होता. खोकला थांबला होता. वजन वाढायला लागलं होतं. गोळ्या वेळेवर. आणि पहिल्या दिवसापासून गोळ्यांबरोबर माझा अर्क. मी स्वतः द्यायचो, बाबा. पाण्याचा पेला मी धरायचो.”

“मग?”

“मग ती जेवेना. मळमळतं म्हणायला लागली. शैलजा म्हणाली, डॉक्टरांना दाखवू, रक्त तपासून घेऊ. मी म्हटलं…”

“काय म्हटलंस?”

“म्हटलं, माझा अर्क आहे तिच्या पोटात. लिव्हरला काही होणार नाही. गोळ्यांनी पित्त होतंच, थोडं सोसावं लागतं.”

बाबांनी एक वाल सोलला. पाण्यात टाकला.

“डोळे पिवळे दिसले त्या दिवशी गोळ्या बंद केल्या. पण बंद करूनही ते थांबलं नाही. आता दवाखान्यात आहे. सारखी झोपते. जागी झाली की भलतंच बोलते. काल मला म्हणाली, ‘सर, मी आलेय, माझी हजेरी लावा.’”

तो हसायला गेला. जमलं नाही.

“यकृत बदलतात म्हणे हल्ली,” बाबा म्हणाले.

“छातीत क्षय असताना कुणी तयार नाही. मी माझं द्यायला तयार होतो. शैलजाही होती. दोघांनाही नको म्हणाले. वाट बघा म्हणाले. आपोआप भरून आलं तर आलं.”

“आणि नाही आलं तर?”

“…ते नाही बोलले.”

बाबांनी परात बाजूला सरकवली.

“मग तू इथं कशाला आलास?”

“ताजी भुईआवळी न्यायला. या अंगणातली, तुमच्या हातानं वाटलेली. माझ्या अर्कात काहीतरी गेलं असेल, उकळताना, गाळताना… तुमच्याकडे माणसं मरणाच्या दारातून परत यायची, बाबा. मी बघितलंय. लहानपणी डोळ्यांनी बघितलंय.”

“तू काय बघितलंस?”

“बरी झालेली माणसं.”

“ती नारळ घेऊन यायची, म्हणून तुला दिसली.”

विश्रामला कळलं नाही. मग कळलं.

“आणि बाकीची?”

“बाकीची कशाला येतील?”

कौलांवरून एक फांदी घसरत खाली आली. दोघांनीही तिकडं पाहिलं नाही.

“एक बाई आली होती,” बाबा म्हणाले. “पलीकडच्या वाडीची. नवऱ्याला औषध नेलं होतं तिनं. ते संपायच्या आधी तो गेला. उरलेलं औषध परत द्यायला आली होती. म्हणाली, दुसऱ्या कुणाला उपयोगी पडेल.”

“तुम्ही काय केलंत?”

“दुसऱ्याला दिलं.”

“…मग?”

“तो बरा झाला. नारळ घेऊन आला.”

विश्राम ओट्याच्या कडेला टेकला.

“म्हणजे औषध खरं की खोटं?”

“मला नाही कळलं.”

“इतकी वर्षं देत आलात, आणि कळलं नाही?”

“लोक मागायला यायचे. नाही कसं म्हणू? आणि कावीळ बरीचशी आपली आपणच उतरते, असंही ऐकलं होतं. त्यातली माझ्या औषधानं किती उतरली, आपली आपण किती, कोण सांगणार?” बाबांनी ओले हात छाटीला पुसले. “म्हणून तू मोजायला लागलास तेव्हा मला बरं वाटलं होतं. म्हटलं, पोरगा शिकलाय. आता कळेल.”

विश्रामनं परातीतला एक वाल उचलला, परत टाकला.

“सांग. काय कळलं?”

“बाबा, आत्ता ते…”

“आत्ताच सांग. पुन्हा कधी विचारू?”

विश्राम बोलायला लागला. पहिली दोन वाक्यं चाचपडत आली. मग आवाज स्थिर झाला. वर्गात शिकवताना व्हायचा तसा. त्याचं त्यालाही जाणवलं नसावं.

“पांढरे उंदीर घेतले. एका गटाला नुसतं क्षयाचं औषध दिलं, यकृत बिघडेल एवढं. दुसऱ्या गटाला तेवढंच औषध, पण त्याआधी काही दिवस रोज अर्क. पहिल्या गटाचं यकृत पार गेलं. फिकं, सुजलेलं, ठिकठिकाणी मेलेलं. आणि दुसऱ्या गटाचं… तुम्ही बघायला हवं होतं, बाबा. लाल, तुकतुकीत. निरोगी उंदराचं यकृत शेजारी ठेवलं तर कुठलं कुठलं ओळखू येऊ नये.”

“शेजारी ठेवलं तर?”

“हो. बशीत…”

तो थांबला.

“बशीत,” बाबा म्हणाले.

“…हो.”

“म्हणजे वाचलेले उंदीर…”

“मारावे लागतात. त्याशिवाय आतलं दिसत नाही.”

“वाचलेलेही?”

“सगळेच.”

“वाचले हे कशावरून ठरलं?”

“मारून पाहिलं, म्हणून.”

विश्राम स्वतःच्या तळहातांकडे बघत राहिला.

“जिवंतपणी बघायचा एकच मार्ग असतो,” तो हळूच म्हणाला. “रक्त तपासणं. शैलजा तेच म्हणत होती.”

थोड्या वेळानं बाबांनी विचारलं,

“विष आधी दिलं आणि अर्क मागाहून, असं केलं होतंस?”

“…तोही एक गट होता.”

“त्यांचं काय झालं?”

“फरक पडला नाही.”

“लोकांना सांगितलंस?”

“तो भाग छापायला दिला नाही. फरक पडला नाही, हे कोण वाचतं? सगळेच गाळतात.”

“म्हणजे तुला ठाऊक आहे.”

“काय?”

“इथून नेऊन काय होणार ते.”

“पण तिला मी आधीपासून दिला होता!” विश्राम ताडकन उठला. “उंदरांना दिला तसाच! तिच्या वजनाचा हिशेब करून, रोज, एक दिवस न चुकवता! ते सगळे वाचले आणि ही का नाही?”

“तू सांग.”

“उंदीर एका जातीचे असतात, बाबा. एका वयाचे, एकाच खाण्यावरचे. पिंजऱ्यात दहा असतात. एकाचं बिघडलं तरी बाकीच्यांची सरासरी काढता येते.” तो पुन्हा ओट्याला टेकला. “ती एकटीच होती.”

“होती?”



“आहे,” तो म्हणाला. मग ओरडून म्हणाला, “आहे ती! आहे!”

आणि तो पायऱ्या उतरून अंगणात गेला. रात्री पाऊस झाला होता. भिंतीच्या कडेनं, तुळशीच्या कट्ट्याखाली, नळाच्या डबक्यापाशी भुईआवळी माजली होती. तो गुडघ्यांवर बसला आणि उपटायला लागला. आधी निवडून, बुंध्याशी धरून. मग मिळेल ते. भुईआवळीबरोबर गवत, दुर्वा, कसलीशी रानटी वेल, सगळं त्याच्या मुठीत येत होतं. ज्यानं आयुष्यभर विद्यार्थ्यांना एकेक पान उलटं करून ओळखायला शिकवलं, त्याला आता काही दिसत नव्हतं.

बाबा बघत राहिले. त्यांनी त्याला थांबवलं नाही.

मग ते उठले. आतून पाटा-वरवंटा ओढत आणला. विश्रामनं उपटलेल्या ढिगातून मूठभर भुईआवळी वेगळी केली, धुतली, आणि वाटायला बसले. म्हाताऱ्या हातांना जोर पुरत नव्हता. विश्राम म्हणाला, “द्या, मी वाटतो.” बाबांनी नकारार्थी मान हलवली. तुमच्या हातची हवी, असं तोच म्हणाला होता.

हिरवा लगदा फडक्यात धरून बाबांनी पिळला. वाटीत बोटभर रस जमला.

विश्रामनं पिशवीतून काचेची बाटली काढली होती. स्वच्छ, झाकणाची. तिचं झाकण फिरवताना तो घाईघाईनं बोलत होता. “कसा द्यायचा, बाबा? ती धड गिळत नाही. नाकातून नळी घातलीय. नळीतून चालेल? नर्स देऊ देणार नाहीत, मी बघतो काय ते. ताक नको ना बरोबर? किती वेळानं परत द्यायचा?”

बाबांनी वाटी त्याच्या हातात दिली.

“पी.”

“मी?”

“पी.”

“मला कुठं काय झालंय?”

“म्हणूनच पी.”

विश्राम त्यांच्याकडे बघत राहिला. मग त्यानं वाटी तोंडाला लावली आणि एका दमात रिकामी केली. कडूपणानं त्याचं तोंड वाकडं झालं, डोळ्यांत पाणी आलं. पाणी आलं ते थांबेना. वाटी हातात धरून तो लहान मुलासारखा हुंदके देत बसला.

“तिला कळलंच नाही,” तो म्हणाला, “हे इतकं कडू असतं ते. मी कॅप्सूल केली होती. चव लागू नये म्हणून. कडू लागलं असतं तर थुंकली तरी असती… माझ्या तोंडाकडे बघायची आणि गिळायची.”

बाबा त्याच्या शेजारी येऊन बसले. त्याच्या पाठीवर हात ठेवावा असं त्यांना वाटलं असेल. त्यांनी ठेवला नाही.

“बाबा, तुम्ही काहीतरी सांगा. मी तुमचा शिष्य आहे.”

“माझ्याकडे होतं ते तुला दिलं होतं.”

“एवढंच होतं?”

“एवढंच.”

“मग लोक तुम्हाला गुरू कशाला म्हणतात?”

बाबांनी पाट्यावर चिकटलेला लगदा बोटानं पुसून काढला.

“तेही मला नाही कळलं,” ते म्हणाले.

तेवढ्यात विश्रामचा फोन वाजला. मठात रेंज धड मिळत नाही. तो धावत फाटकापाशी गेला, दगडावर चढून उभा राहिला. बाबांना त्याचं एका बाजूचं बोलणं ऐकू येत होतं. पलीकडचं शैलजाचं बोलणं विश्रामनं नंतर सांगितलं.

“अहो, कुठं आहात तुम्ही?”

“बाबांकडे. औषधासाठी आलोय, निघतोच आहे.”

“औषध नको. ऐका. ती जागी झालीय. ‘आई’ म्हणाली मला. भलतंसलतं नाही, नीट ओळखून म्हणाली. पाणी मागितलं. मग म्हणाली, ‘पप्पा कुठं आहेत?’”

विश्रामनं फोन दोन्ही हातांनी कानाशी दाबून धरला.

“मी सांगितलं, येतायत. ती दाराकडे बघतेय. अहो, तुम्ही या फक्त. काही आणू नका.”

“डॉक्टर काय म्हणतात? सुधारतेय ना? सुधारतेय म्हणूनच…”

“डॉक्टर काही म्हणत नाहीत. तुम्ही या.”

फोन तुटला. त्यानं पुन्हा लावला. लागला नाही.

तो परत ओट्यापाशी आला. बाटली उचलली, खाली ठेवली. गाडीची किल्ली शोधायला लागला. किल्ली त्याच्या दुसऱ्या हातात होती.

“तिनं मला ओळखून विचारलं, बाबा. इतक्या दिवसांनी. आणि मी इथं आहे.”



विश्राम कोल्हापूरला पोचला तेव्हा केतकी पुन्हा झोपली होती. ती जागी झाली नाही. तो तिचा हात धरून बसून राहिला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. शैलजा त्याला कधीच काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, असं तो पुढं एकदा म्हणाला. विषानंतर अर्क दिलेल्या उंदरांची हकिकत त्यानं काही महिन्यांनी एका संशोधन-नियतकालिकाला लिहून पाठवली, आणि शेवटी केतकीचीही लिहिली, नाव न देता. पहिला भाग नवीन काही नाही म्हणून परत आला. दुसऱ्याबद्दल संपादकांनी कळवलं, एका रोग्यावरून निष्कर्ष काढता येत नाही.

हे सगळं नंतरचं.

त्या सकाळी मठात शेवटचं बोलणं झालं ते एवढंच.

विश्रामनं अंगणातला उरलेला ढीग कवेत घेतला. भुईआवळी, गवत, वेल, मुळांना लोंबणारा चिखल, सगळं एकत्र. छातीशी धरून तो गाडीकडे निघाला.

“हे असू दे माझ्याजवळ,” तो म्हणाला. “देणार नाही तिला. नुसतं उशाशी ठेवतो. रिकाम्या हातानं कसा जाऊ?”

बाबा पायऱ्या उतरून त्याच्यापुढं आले. त्याच्या कवेतलं एकेक रोप काढून घेतलं आणि जमिनीवर ठेवलं. विश्राम उभा राहिला. त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत चिखलानं भरले होते.

बाबांनी अंगणातला नळ सोडला.

“सांगा ना, बाबा,” विश्राम म्हणाला, “उशीर झाला का?”

“हात धू,” बाबा म्हणाले. “मातीच्या हातानं लेकीला शिवू नकोस.”